हत्तीण, डोंगर आणि पोटाखालची सावली

प्रश्न : काही महिन्यांपूर्वी आम्ही केनियातल्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. दुपारी बाराच्या सुमारास एक हत्तीण आणि तिचं पिल्लू आमच्या गाडीसमोरून गेले. ऊन मी म्हणत होतं आणि ते चिमुकलं पिल्लू आईच्या पोटाखालून, अगदी तिच्या सावलीतून चालत होतं. आई थांबली की तेही थांबायचं. माझे डोळे भरून आले. गाडीच्या उघड्या छतातून उभी राहून मी फोटो काढले. त्यातला सगळ्यांत चांगला, ज्यात मागे किलिमांजारो दिसतो, तो सगळ्यांना दाखवला. बहुतेक जण ‘वा, मस्त’ म्हणाले. मग फोटोग्राफीतलं कळणाऱ्या चौघांना मुद्दाम विचारलं. एक म्हणाला, डोंगर मोठा दिसू दे. दुसरी म्हणाली, डोंगर काढून टाक. तिसऱ्याने सांगितलं की भर दुपारी फोटो काढायचाच नसतो, आता निदान सावल्या तरी उजळ कर. चौथ्याने आकाश बदलून फोटो परत पाठवला. सगळ्यांचं थोडंथोडं ऐकून मी एडिट केलं आणि आता तो फोटो मलाच बघवत नाही. मूळ फोटो, एडिट केलेला आणि त्याच वेळचे आणखी दोन पाठवतेय. कुणाचं ऐकू? आणि मोठी लेन्स घेतली तर फरक पडेल का?
– गोंधळलेली

उत्तर : नमस्कार. आलेलं पत्र मी नेहमी नंतर वाचते, आधी फोटो बघते. पत्र वाचून झालं की फोटोत नसलेल्या गोष्टीही दिसायला लागतात.

तुमचा निवडलेला फोटो मी शेजारी बसलेल्या भाचीला पाच सेकंद दाखवला, फोन पालथा ठेवला आणि विचारलं, काय होतं?

‘डोंगर. बर्फाचा. हत्ती. आणि डावीकडे पांढरं काहीतरी.’

पांढरं काय?

‘पिशवी असेल.’

तो गायबगळा होता. पिल्लाचं नावसुद्धा तिने काढलं नाही. त्यानंतर मी तुमचं पत्र वाचायला घेतलं, तर त्यात सगळं पिल्लूच पिल्लू! डोंगराला पत्रात जेमतेम अर्धी ओळ, फोटोत मात्र वरचा निम्मा भाग त्याचा. तुम्हाला तो फोटो बघवत नाही त्याचं कारण मला इथे दिसतं. तुम्ही पाहिलं एक आणि दाखवताय दुसरंच.

तुमच्या चौघा सल्लागारांचं मला नवल वाटत नाही. तुम्हाला काय दाखवायचं होतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं, म्हणून प्रत्येकाने आपापल्या मनातला फोटो दुरुस्त केला. डोंगरवाल्याला निसर्गचित्र हवं होतं, डोंगर काढणारीला प्राण्याचं पोर्ट्रेट. दोघंही आपापल्या जागी बरोबरच. त्यांच्या सूचना एकाच फोटोवर एकत्र केल्या की जे व्हायचं ते झालं.

तिसऱ्याशी मात्र मला भांडायचंय. ‘भर दुपारी फोटो काढू नये’ हा सल्ला वाईट नाही. सकाळ-संध्याकाळचा तिरपा उजेड मऊ असतो, कातडीवरच्या सुरकुत्या उठून दिसतात, वगैरे वगैरे. पण तुमच्या फोटोत नेमकं काय चाललंय ते पाहा. अंबोसेली विषुववृत्तापासून दक्षिणेला ३ अंशांच्याही आत आहे. तिथे दुपारी बाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि हत्तिणीची सावली थेट तिच्या पोटाखाली पडते. सकाळी आठला हीच सावली लांबच लांब होऊन दूर बाजूला पडली असती आणि पिल्लाला आईच्या पोटाखाली शिरण्याचं कारणच उरलं नसतं. ज्या उन्हाला सगळे दोष देतायत त्या उन्हामुळेच हा प्रसंग घडला. आणि तुम्ही काय केलंत? सल्ला ऐकून एडिटिंगमधला शॅडोचा, म्हणजे सावल्या उजळणारा, स्लायडर उजवीकडे ओढत नेलात. एडिट केलेल्या फोटोत पिल्लाभोवतीची सावली राखाडी चिखलासारखी झालीय, तिच्यात दाणे उठलेत, आणि ज्या गारव्यात ते पिल्लू चाललं होतं तो गारवाच गेलाय. सावली गेल्यावर फोटोत उरलं काय? एक हत्ती, एक लहान हत्ती.

आता तुम्ही नाकारलेल्या फोटोंकडे येते. दुसरा सोडून द्या, त्यात पिल्लू आईच्या पायाआड गेलंय. तिसरा मात्र मी बराच वेळ बघत बसले. तो तुम्ही का बाजूला ठेवलात ते कळतं : किलिमांजारोचं शिखर तोवर ढगात गेलं होतं. तिथे हे नेहमीचंच आहे. डोंगर सकाळी लवकर आणि संध्याकाळी स्वच्छ दिसतो, दिवस चढला की ढग त्याला गुंडाळून टाकतात. पण या फ्रेममध्ये पिल्लू संपूर्ण सावलीत आहे, त्याचा पुढचा एक पाय उचललेला आहे आणि आईचे चारही पाय सुटे सुटे दिसतायत. कुठे एकावर एक चढलेले नाहीत. चार पायांच्या प्राण्यांच्या फोटोत ही गोष्ट फार थोड्या वेळा जमते. पाय एकमेकांत मिसळले की हत्तीचा नुसता ढिगारा दिसतो. तुमचं काम या तिसऱ्या फ्रेमवर करा. पहिली विसरा.

तरी पहिलीत काय बिनसलं ते सांगते, कारण पुढच्या वेळी ते तुम्हाला तिथल्या तिथे टाळता येईल.

सपाट जमिनीवर क्षितिजाची रेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. म्हणजे तुमचा कॅमेरा जमिनीपासून अडीच मीटरवर असेल, तर समोरच्या प्रत्येक वस्तूला क्षितिज अडीच मीटर उंचीवरच छेदणार, ती वस्तू जवळ असो की लांब. अंबोसेलीचा बराच भाग म्हणजे जुन्या तळ्याचा सपाट तळ. तुम्ही छतातून उभ्या होतात आणि प्रौढ हत्तिणीची खांद्याची उंचीही साधारण तेवढीच असते. परिणाम असा की क्षितिज बरोबर तिच्या पाठीच्या कडेवर येऊन बसलंय. पाठ कुठे संपते आणि लांबची झुडपं कुठे सुरू होतात तेच समजत नाही. तुम्ही खाली बसून खिडकीतून फोटो काढला असता तर कॅमेरा मीटरभराने खाली आला असता, क्षितिजही तिच्या पोटाच्या आसपास उतरलं असतं आणि पाठ-डोकं मोकळ्या आकाशावर उठून आलं असतं. पिल्लाकडेही तुम्ही इतकं वरून पाहिलं नसतं. छत उघडं दिसलं की सगळे उभे राहतात, मीही राहते. वरून लांबवरचं दिसतं हे खरं, पण प्राणी जवळ आला की खाली बसायचं. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगायचं, कारण सुरू इंजिनाची थरथर थेट फोटोत येते. आणि खिडकीच्या कडेवर जाडसर कापडाची घडी किंवा धान्य भरलेली पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवायची.

दुसरं म्हणजे कडा. उजवीकडे तिसऱ्या एका हत्तीचा फक्त मागचा भाग आलाय, आणि खालच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी टोपीची कड. प्राणी समोर असताना आपली नजर त्याच्या डोळ्यांवर खिळलेली असते. चौकटीच्या चार कडा तपासायला वेळ कुठला! तरी एक सवय लावून घेता येते : पहिले दोन-तीन फोटो घाईघाईत काढून घ्यायचे, मग एकदा नजर चारही कडांवरून फिरवायची आणि पुन्हा काढायचे. हत्ती संथ चालतात, तुम्हाला तेवढी सवड देतात. पक्ष्यांच्या बाबतीत हा सल्ला मी दिला नसता.

तिसरं, तो बगळा. फोटोसोबतच्या माहितीत एफ ११, १/२५०, आयएसओ २०० असं दिसतं. एफचा आकडा अपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या तोंडाचा : आकडा मोठा तितकं तोंड लहान, आणि जवळचं-लांबचं तितकं जास्त तीक्ष्ण. १/२५० म्हणजे शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं ते, आणि आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे ते. टळटळीत उन्हासाठी जुना ठोकताळा असा : अपर्चर एफ १६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. म्हणजे आयएसओ २०० ला १/२००. त्या हिशेबाने एफ ११ ला १/४०० हवं होतं. कॅमेऱ्याने काळसर हत्ती आणि सावली बघून उजेड थोडा वाढवला, आणि उन्हात उभ्या पांढऱ्याशुभ्र पक्ष्याच्या पिसांचा तपशील पार उडाला. त्याच्या अंगावर आता एकही रेषा शिल्लक नाही, म्हणून भाचीला ती पिशवी वाटली. तुम्ही जेपेग काढलाय, त्यात उडालेला पांढरा परत आणता येत नाही. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी कच्ची माहिती, असती तर कदाचित थोडं काही सापडलं असतं. पुढच्या वेळी उन्हात पांढरं काही असेल तर एक्स्पोजर थोडं कमी ठेवा.

आणि एफ ११ का? मला वाटतं, डोंगरही तीक्ष्ण यावा म्हणून. त्यापायी शटर १/२५० वर अडकलं आणि तिसऱ्या फ्रेममधल्या उचललेल्या पायाचा तळ किंचित हललाय. एफ ५.६ ठेवलं असतं तर तेवढ्याच उजेडात १/१००० मिळालं असतं. एवढं करूनही डोंगर तीक्ष्ण आला नाहीच. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असते आणि मधे मैलोन् मैल धूळ. त्यावर कुठलंच अपर्चर चालत नाही, आणि शार्पनिंगचा स्लायडर तर नाहीच नाही.

आता तिसऱ्या फ्रेमचं काय करायचं ते.

मी तुमच्या फाइलवर एक क्रॉप करून पाहिला. आधी वरचा भाग कापत आणला. ढग गेले, डोंगराचा पायथा गेला, क्षितिज गेलं. मग जरा धीर करून हत्तिणीची पाठही कापली आणि डोकंही, अगदी खांद्याच्या खालपर्यंत. उरलं ते असं : वर पोटाची गोल कड, दोन्ही बाजूंना खांबांसारखे पाय, डावीकडे लोंबणारी सोंड, खाली पांढुरक्या मातीवर काळी सावली आणि तिच्या आत एक पाय उचललेलं पिल्लू. आईचा चेहरा कुठेच नाही. आई म्हणजे नुसतं छप्पर.

हे बघून बरेच जण ओरडतील की हत्तीचं डोकं कापलं! ओरडू द्या. कापायचंच असेल तर ठामपणे कापावं, म्हणजे ते मुद्दाम केलंय हे कळतं. कानाची कड किंवा सोंडेचं टोक जरासं कापलं गेलं तर ती चूक वाटते. पावलांचं मात्र सांभाळा. आईच्या नखांखाली थोडी मोकळी जमीन राहू दे, नाहीतर छपराचे खांब हवेत लटकल्यासारखे दिसतात. तुमची मूळ फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची आहे. या क्रॉपनंतर ३६०० बाय २४०० उरतात, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरले तरी १२ बाय ८ इंचांची प्रिंट आरामात निघते. भिंतीवर लावायला तेवढी पुरे.

एडिटमध्ये सावलीला हात लावू नका. फार तर पिल्लाच्या कपाळावर आणि डोळ्यावर ब्रशने अगदी हलका उजेड द्या. आपण काही केलंय हे दिसू लागलं की निम्मा करा. पिल्लाच्या सोंडेचं टोक आईच्या पुढच्या पायावर आलंय आणि दोन्हींचा रंग एकच, त्यामुळे ते हरवतं. तिथेही पायाची ती कड जराशी उजळली तर सोंड सुटी होईल. पूर्ण सुटणार नाही. फ्रेममधला तेवढा दोष राहणार.

रंगाबद्दल. एडिट केलेल्या फोटोत सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, वाढवल्यामुळे तुमचे हत्ती विटकरी झालेत. अंबोसेलीची धूळ फिकट, राखेसारखी असते आणि तिथले हत्ती तीच अंगावर घेऊन फिरतात. तांबड्या धुळीने माखलेले लालसर हत्ती केनियातच पाहायचे तर ते त्सावो राष्ट्रीय उद्यानांत. तिथे जाऊन आलेला कुणीही तुमचा एडिट बघून विचारेल की हे नक्की कुठले? शिवाय त्या फिकट मातीमुळेच सावलीची कड इतकी स्वच्छ उमटलीय. रंग मूळ फोटोतलेच ठेवा. ब्लॅक अँड व्हाइट करून पाहायलाही हरकत नाही. या फोटोत रंग तसेही फारसे काही सांगत नाहीत.

चौथ्याने बदललेलं आकाश. तिसऱ्या फ्रेमच्या क्रॉपमध्ये आकाशच नाही, तेव्हा प्रश्न मिटला असं म्हणता आलं असतं. पण मुद्दा राहतो. त्याने लावलेल्या आकाशात सूर्य मावळतीला टेकलाय आणि हत्तिणीची सावली मात्र पोटाखालीच! असा फोटो बघताना कुठेतरी खटकतं, मग कारण सांगता येवो न येवो. फेब्रुवारी १९८२ च्या नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड आणि त्यांच्यासमोरून जाणारे उंटस्वार होते. आडवा फोटो उभ्या पानात बसवायला त्यांनी संगणकावर एक पिरॅमिड दुसऱ्याच्या जवळ सरकवला. इतक्या वर्षांनीही त्या अंकाचं नाव निघतं ते त्या सरकवण्यावरूनच. घरच्या भिंतीवर तुम्ही काय लावता हा तुमचा प्रश्न, पण स्पर्धेला किंवा मासिकाला पाठवणार असाल तर क्रॉप आणि उजेडाच्या दुरुस्तीपलीकडे जाऊ नका. कोपऱ्यातली टोपीसुद्धा पुसायची नाही, कापून टाकायची.

मूळ फाइल मात्र पुसू नका, डोकं आणि कान असलेली. अंबोसेलीत हत्ती-अभ्यासक सिंथिया मॉस यांनी १९७२ मध्ये हत्तींचा अभ्यास सुरू केला, तो आजही चालू आहे. तिथले अभ्यासक प्रत्येक हत्ती वेगळा ओळखतात, आणि त्यात मुख्य आधार कानांच्या कडांचा असतो : कुठे खाच, कुठे भोक, कुठे फाटलेलं. माझ्या क्रॉपमध्ये तुमची हत्तीण अनामिक होते. मूळ फाइलमध्ये ती कुणीतरी आहे. फोटोखाली दोन ओळी लिहिणार असाल तर पिल्लाच्या वयाचाही अंदाज देता येईल. जे पिल्लू आईच्या पोटाखालून न अडता जातं ते साधारणपणे एक वर्षाच्या आतलं असतं.

कुणाचं ऐकू, असं विचारलंत. ‘मस्त’ म्हणणाऱ्यांचे आभार माना आणि पुढे चला. त्यांचं प्रेम तुमच्यावर आहे, फोटोवर मत त्यांनी दिलेलंच नाही. जाणकाराला दाखवताना ‘कसा वाटला?’ विचारू नका. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून मार्क मिळतात. आधी माझ्यासारखं पाच सेकंद दाखवून काय आठवतं ते विचारा. मग सांगा की मला पिल्लू सावलीतून चालताना दाखवायचंय, ते दिसतंय का, आणि नसेल तर आड काय येतंय? या प्रश्नावर चौघांची उत्तरं बरीच जवळ आली असती. माझी पैज आहे की चौघांनीही डोंगराकडे बोट दाखवलं असतं, डोंगरवाल्यानेसुद्धा.

विचारायला कुणीच नसेल तर फोटो उलटा करा, अक्षरशः डोकं खाली पाय वर. मी शिकत असताना एक वयस्कर गृहस्थ आमच्या प्रिंट बघायला यायचे. काही न बोलता प्रिंट उलटी धरायचे आणि आमच्या पुढ्यात ठेवायचे. सुरुवातीला मला तो अपमान वाटला होता. उलट्या फोटोत हत्ती हत्ती राहत नाही, नुसते गडद-उजळ तुकडे दिसतात, आणि सगळ्यांत उजळ तुकडा कुठे आहे ते लगेच कळतं. तुमच्या पहिल्या फोटोत तो बगळा आहे, त्याखालोखाल बर्फ. तिसऱ्याच्या क्रॉपमध्ये उजळ माती आहे आणि तिच्या मधोमध पिल्लाचा आकार.

राहिली लेन्स. हे फोटो तुम्ही ७०-३०० मिलिमीटरच्या झूम लेन्सच्या ७० वर काढलेत; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. लेन्सचा तीन चतुर्थांश भाग तुम्ही अजून वापरलेलाच नाही! निक ब्रँट या छायाचित्रकाराने याच अंबोसेलीतल्या हत्तींचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो टेलिफोटोशिवाय, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या मोठ्या लेन्सशिवाय, प्राणी जवळ येईपर्यंत वाट बघत काढलेत. तुमची हत्तीण तर आपणहून गाडीसमोर आली होती. त्या क्षणी हातात ६०० ची लेन्स असती तर तिचा एक गुडघा आला असता, बाकी काही नाही.